‘कशासाठी वापरता?’ : सदोष चिप, सदोष यंत्र आणि ग्राहकाची ओळख

४१९५८३५ या संख्येला ३१४५७२७ ने भागावे. आलेल्या उत्तराला पुन्हा ३१४५७२७ ने गुणावे आणि तो गुणाकार मूळ संख्येतून वजा करावा. शेवटी शून्य उरले पाहिजे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १९९४ च्या अखेरीस जगभरातील संगणकधारकांनी ही साधी उलटतपासणी आपापल्या यंत्रावर करून पाहिली. ज्यांच्या यंत्रात इंटेल कंपनीचा नवा पेंटियम प्रोसेसर होता, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या पडद्यावर शून्याऐवजी २५६ हा आकडा उमटला.

पेंटियमच्या विकासप्रकल्पाचे नेतृत्व करणारे विनोद धाम यांना २०२५ साली पद्मभूषण जाहीर झाले, तेव्हा ‘पेंटियमचे जनक’ हे बिरुद वृत्तपत्रांतून पुन्हा झळकले. धाम यांचा जन्म १९५० सालचा, पुण्याचा. दिल्लीत अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते १९७५ मध्ये अमेरिकेत शिकावयास गेले आणि १९७९ मध्ये इंटेलमध्ये रुजू झाले. त्यांच्या गौरवलेखांत भागाकाराच्या दोषाचा उल्लेख क्वचित येतो, आणि आला तरी ओझरता. त्यात अन्याय काही नाही. लाखो ट्रान्झिस्टरांच्या रचनेतील एक चूक कोणा एका माणसाच्या पदरात घालता येत नाही. परंतु तंत्रज्ञानाच्या इतिहासात या दोषापेक्षाही मोलाची ठरते ती दोष उघड झाल्यानंतर कंपनी आणि ग्राहक यांच्यात झालेली सहा आठवड्यांची झटापट. तीत ग्राहकाला एक प्रश्न विचारला गेला होता : ‘तुम्ही हे यंत्र कशासाठी वापरता?’ नेमका हाच प्रश्न त्याच सुमारास महाराष्ट्रातील एका लघुउद्योजकालाही विचारला जात होता. तेथे तो विचारणारी कंपनी नव्हती. विचारणारा कायदा होता.

आधी दोषाविषयी. शाळेत लांब भागाकार शिकवताना विद्यार्थी भाजक पाहतो, बाकी पाहतो आणि ‘किती वेळा भाग जाईल’ याचा अंदाज बांधतो. अंदाज चुकला की खोडरबर घेऊन पुन्हा सुरुवात. पेंटियमच्या पूर्वीचा ४८६ हा प्रोसेसर भागाकाराचा एका वेळी एकच द्विमान अंक काढीत असे. पेंटियममध्ये दोन अंक एकदम काढण्याची योजना होती. तिला स्वीनी, रॉबर्टसन आणि टोचर या तिघांच्या आद्याक्षरांवरून एसआरटी पद्धती म्हणतात. या पद्धतीत भागाकाराचा प्रत्येक अंक उणे दोन ते अधिक दोन यांपैकी काहीही असू शकतो. त्यामुळे एखादा अंदाज किंचित जास्त झाला तर पुढच्या पायरीवर ऋण अंक घेऊन तो सावरता येतो. खोडरबराची गरज पडत नाही. मात्र प्रत्येक पायरीवर कोणता अंक घ्यावा, हे ठरवण्यासाठी चिपमध्येच एक तक्ता कोरलेला असतो. भाजकाचे आणि बाकीचे आरंभीचे काही अंक पाहायचे, तक्त्यातील योग्य घर गाठायचे आणि तेथील अंक उचलायचा.

या तक्त्यातील १०६६ घरे भरलेली असायला हवी होती. त्यांतील पाच घरे रिकामी राहिली. जेथे ‘अधिक दोन’ हवे होते, तेथे यंत्राला ‘शून्य’ वाचायला मिळे. एकदा असे झाले की उरलेली बाकी इतकी फुगे, की पुढच्या कोणत्याही पायरीवर ती सावरणे अशक्य होई. गमतीचा भाग असा, की २०२४ च्या डिसेंबरात केन शिरिफ या अभ्यासकाने जुनी पेंटियम चिप सूक्ष्मदर्शकाखाली उलगडून पाहिली, तेव्हा वगळलेली घरे प्रत्यक्षात सोळा निघाली. त्यांपैकी अकरा घरांपर्यंत कोणताही भागाकार कधी पोचतच नसे, म्हणून ती उणीव तीस वर्षे कोणाच्या ध्यानात आली नाही. इंटेलने दुरुस्ती करताना वापरात नसलेल्या सर्व घरांत ‘दोन’ भरून टाकले, हेही त्याच तपासणीतून समजले.

पाच घरांचा हा दोष सरसकट प्रत्येक भागाकारात दिसत नसे. भाजक विशिष्ट प्रकारचा असावा लागे : ३, ९, १५, २१ किंवा २७ यांच्या, अथवा त्यांना दोनाने पुनःपुन्हा गुणून वा भागून मिळणाऱ्या संख्यांच्या, अगदी किंचित खालचा. आरंभी दिलेला ३१४५७२७ हा भाजक म्हणजे तीन गुणिले दोनाचा विसावा घात, उणे एक. त्यावर योग्य उत्तर १.३३३८२०४४९ असे यावयास हवे, पेंटियम १.३३३७३९०६८ असे सांगे. चौथ्या दशांशस्थळावरच गाडी घसरलेली.

हा दोष चव्हाट्यावर आणणारा माणूस संगणकतज्ज्ञ नव्हता. व्हर्जिनियातील लिंचबर्ग महाविद्यालयात गणित शिकवणारे थॉमस नाइसली जोडमूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करीत होते. जोडमूळ संख्या म्हणजे ज्यांच्यात फक्त दोनाचे अंतर आहे अशा मूळ संख्या : ११ आणि १३, १७ आणि १९. नाइसलींची बेरीज कित्येक संगणकांवर चालू होती. जून १९९४ मध्ये तिच्यात विसंगती आढळली. पुढचे चार महिने त्यांनी आपल्याच कामातील चुका शोधण्यात घालवले : स्वतःचा प्रोग्रॅम, भाषांतरक आज्ञावली, यंत्राचा मुख्य फलक, सगळे एकेक करून संशयमुक्त केले. शेवटी ८२४६३३७०२४४१ या एका मूळ संख्येचा व्यस्त पेंटियमवर चुकीचा येतो, येथे ते येऊन थांबले. २४ ऑक्टोबरला त्यांनी इंटेलच्या तांत्रिक मदत विभागाशी संपर्क साधला. समाधानकारक उत्तर मिळाले नाही. ३० ऑक्टोबरला त्यांनी काही परिचितांना ई-मेल पाठवून एवढेच विचारले, की तुमच्याही यंत्रावर असे घडते का? तो ई-मेल एका हातातून दुसऱ्या हाती जात आठवडाभरात जगभर फिरला.

वस्तुतः इंटेलच्या अभियंत्यांना हा दोष त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सापडला होता. पुढच्या उत्पादनात दुरुस्त तक्ता घालण्याचे ठरलेही होते. परंतु बाजारात गेलेल्या चिप परत मागवाव्यात किंवा निदान ग्राहकांना कळवावे, असे कंपनीला वाटले नाही. यामागचा तिचा हिशेब ध्यानात घेण्यासारखा आहे, कारण तो खोटा नव्हता. यादृच्छिक संख्या घेऊन भागाकार केले तर नऊ अब्जांत एखादाच चुकेल; सामान्य ताळेबंद मांडणाऱ्या माणसाला ही चूक २७,००० वर्षांत एकदा भेटेल, असे इंटेलने जाहीर केले. म्हणून भरपाईचे धोरण असे ठरले : ज्याला अवजड वैज्ञानिक किंवा अभियांत्रिकी गणिते करावी लागतात, त्याने दूरध्वनी करावा, आपले काम समजावून सांगावे, कंपनीला पटले तर चिप बदलून मिळेल.

येथेच तो प्रश्न उपस्थित झाला. कशासाठी वापरता?

पुष्कळ ग्राहकांना चिपपेक्षा या प्रश्नाचाच राग आला. पत्रव्यवहारासाठी संगणक घेतलेल्या लेखकाला भागाकार करावयाचे नव्हते, हे खरे. पण त्याने पैसे मोजले होते ते पूर्ण चिपचे. आपल्या गरजेची छाननी विक्रेत्याने करावी आणि मग दोषाचे वजन ठरवावे, ही कल्पनाच त्याला अपमानास्पद वाटली. इंटेलचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांनी नंतर आपल्या पुस्तकात कबूल केले, की हा क्षोभ त्यांना सुरुवातीला कळलाच नाही. इंटेल आजवर संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना चिप विकत आली होती. त्या कंपन्यांच्या अभियंत्यांशी दोषांची यादी घेऊन बसणे आणि मार्ग काढणे ही तिची नेहमीची रीत होती. परंतु १९९१ पासून ‘इंटेल इनसाइड’ ही जाहिरातमोहीम चालू होती. तिने घरोघरच्या माणसाला शिकवले होते, की पेटी कोणाचीही असो, आत कोण आहे ते पाहा. ग्राहकाने आता तेच केले होते. त्याचा करार दुकानदाराशी होता आणि तक्रार मात्र इंटेलकडे गेली. कारण इंटेलनेच त्याला आपला पत्ता दिला होता.

त्या २७,००० वर्षांच्या हिशेबाचेही मग वाभाडे निघाले. टिम को या अभियंत्याने केवळ चुकीच्या उत्तरांवरून आतल्या तक्त्यात काय बिघडले असावे याचा अंदाज बांधला आणि आरंभी दिलेली भागाकाराची जोडी शोधून काढली. स्टॅनफर्डचे वॉन प्रॅट यांनी तर मुळावरच घाव घातला. माणसे यादृच्छिक संख्यांचे भागाकार करीत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. किमती, दर, टक्केवाऱ्या या पूर्णांकांच्या आसपास घोटाळतात. आणि आधीच्या गणितातील सूक्ष्म काटछाटीमुळे १५ च्या जागी १४.९९९९९९ उरणे ही रोजची गोष्ट आहे. दोष नेमका तेथेच दबा धरून बसला होता. ४.९९९९९९ ला १४.९९९९९९ ने भागले तर उत्तर ०.३३३३३३ च्या घरात हवे, पेंटियम ०.३३३३२९ देई. सरासरी ग्राहक नावाचा जो मनुष्य इंटेलने कल्पिला होता, तो कोणत्याही कचेरीत कामाला नव्हता.

१२ डिसेंबरला आयबीएमने पेंटियम असलेल्या संगणकांची विक्री थांबवली आणि आपला स्वतःचा हिशेब मांडला : २७,००० वर्षे नव्हे, २४ दिवस. आयबीएमचा यात स्वार्थ नव्हता असे म्हणता येणार नाही. प्रतिस्पर्धी चिपच्या विकासात तीही गुंतलेली होती. दोन्ही आकडे आपापल्या गृहीतकांपुरते बरोबर होते, आणि म्हणूनच दोन्ही आकड्यांनी कोणाचेही समाधान झाले नाही. अखेर २० डिसेंबर १९९४ रोजी इंटेलने माघार घेतली. मागेल त्याला, कोणताही प्रश्न न विचारता, चिप बदलून मिळेल. जानेवारीत कंपनीने या प्रकरणापोटी ४७ कोटी ५० लाख डॉलरांचा भार हिशेबात दाखवला. पुढे परत आलेल्या काही चिप किल्ल्यांच्या साखळीत बसवून कर्मचाऱ्यांना वाटल्या गेल्या. मौज म्हणजे, बदलून देण्याची दारे सताड उघडल्यावर ती मागायला आलेले घरगुती ग्राहक तुलनेने थोडेच होते. त्यांना चिप हवी होती असे नाही. मागण्याचा अधिकार हवा होता.

भारतात या अधिकाराची कहाणी निराळ्या वाटेने गेली. सुरुवातीच्या काळात येथे संगणकाचा ग्राहक त्याचा मालकच नसे. १९६१ साली मुंबईत एस्सो कंपनीकडे आयबीएमचे १४०१ यंत्र आले; त्यानंतर अशी यंत्रे देशभर गेली, पण बहुतांशी भाड्याने. अमेरिकेत वापरून परत आलेली यंत्रे डागडुजी करून येथे भाड्याने दिली जात, आणि देखभाल कंपनीच करी. यंत्र बंद पडले तर तिचा माणूस येई. तो येतही असे चोख. परंतु जुने झालेले यंत्र पुरेसे चांगले आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मात्र कंपनीकडेच होता. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७० च्या दशकात या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले. परकीय चलनविषयक नव्या कायद्यानुसार भांडवलातील हिस्सा कमी करण्यास नकार देऊन आयबीएमने १९७८ मध्ये भारत सोडला, आणि तिच्या मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे आली. एका देशाने केवळ संगणक दुरुस्त करण्यासाठी कंपनी स्थापन करावी, यातच त्या काळचे परावलंबन दिसते.

पुढे संगणक विकत मिळू लागले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड सुट्या भागांनी भरून गेला. प्रोसेसर एकाचा, मुख्य फलक दुसऱ्याचा, स्मृतिपट्टी तिसऱ्याची आणि जोडणी दुकानातल्या कारागिराची. अशा ‘असेंबल्ड’ संगणकात दोष निघाला, तर तो कोणाचा? अमेरिकेतील ग्राहकाला निदान एक नाव ठाऊक होते. येथील ग्राहकाला चार नावे ठाऊक होती आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवीत असे.

त्याला आधार होता तो ग्राहक चळवळीचा आणि तिच्या मागून आलेल्या कायद्याचा. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले. पाठोपाठ मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. १९८६ च्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्यातील ‘दोष’ या शब्दाची व्याख्या इंटेलच्या धोरणाशेजारी ठेवून वाचण्याजोगी आहे. गुणवत्ता, प्रमाण किंवा दर्जा यांत जी काही उणीव असेल, विक्रेत्याने जे सांगितले त्याहून वस्तू कमी भरत असेल, तर तो दोष. ती उणीव ग्राहकाच्या रोजच्या कामात आडवी येते का, हे कायदा तेथे विचारत नाही. भागाकार न करणाऱ्या लेखकाच्या चिपमधील रिकामी पाच घरे या व्याख्येत दोष म्हणूनच मोजली गेली असती.

मात्र ‘कशासाठी वापरता’ हा प्रश्न कायद्याने टाळला नव्हता. त्याने तो दुसऱ्या दारावर उभा केला होता. दोषाच्या व्याख्येतून निसटलेला हा प्रश्न ‘ग्राहक’ या शब्दाच्या व्याख्येत जाऊन बसला. व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारा मनुष्य ग्राहकच नव्हे, असे कायदा म्हणत होता.

या दाराशी महाराष्ट्रातील एक लघुउद्योग अडखळला. लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्स हा यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एकल मालकीचा उद्योग रोजगारवृद्धीच्या योजनेखाली, राज्य वित्तीय महामंडळाच्या कर्जावर उभा राहिला होता. मे १९९० मध्ये त्याने पी. एस. जी. इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या संस्थेकडे संगणकनियंत्रित लेथ यंत्राची मागणी नोंदवली. तक्रारदाराचे म्हणणे असे, की यंत्र सुमारे सहा महिने उशिरा आले आणि आले तेही सदोष. पत्रे लिहूनही ते धड चालू झाले नाही. महाराष्ट्राच्या राज्य आयोगाने त्याची तक्रार अंशतः मान्य करून भरपाई मंजूर केली. राष्ट्रीय आयोगाने निकाल फिरवला. यंत्रात दोष होता की नाही, या मुद्द्यावर तो निकाल फिरला नव्हता. तक्रारदार ग्राहकच नाही, एवढे एकच कारण पुरेसे ठरले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल १९९५ मध्ये, इंटेलच्या माघारीला चार महिनेही पुरते उलटले नव्हते तेव्हा, त्याचा निकाल लागला. दरम्यान जून १९९३ मध्ये कायद्यात एक स्पष्टीकरण घातले गेले होते : स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका मिळवण्यासाठी जो स्वतः वस्तू वापरतो, त्याचे प्रयोजन व्यापारी मानू नये. न्यायालयाने या स्पष्टीकरणाचा अर्थ दाखल्यांनी उलगडला. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ऑटोरिक्षा घेणारा ग्राहक आहे. स्वतः चालवण्यासाठी लेथ घेणाराही ग्राहक आहे. त्याने हाताशी एक-दोन मदतनीस ठेवले, तरी त्याचे ग्राहकपण जात नाही. मात्र प्रस्तुत यंत्राचे स्वरूप आणि उद्योगाची कागदपत्रे पाहता हा तक्रारदार त्या मर्यादेत बसत नाही, असा निर्णय झाला. दिवाणी दावा लावण्याची वाट न्यायालयाने खुली ठेवली, ग्राहक मंचाची मात्र बंद झाली. यंत्र घेतल्याला तोवर पाच वर्षे होत आली होती.

या निकालाला कठोर म्हणणे सोपे आहे. त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ग्राहक मंच हा गरिबासाठी काढलेला जवळचा रस्ता होता; मोठ्या उद्योगांनी आपले करारभंगाचे खटले त्या रस्त्यावर आणून गर्दी केली असती, तर शिवणयंत्रवाल्या बाईला उभे राहायला जागा उरली नसती. अडचण आहे ती मधल्या माणसाची. रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर भनपुरीची औद्योगिक वसाहत लागते. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात मोडत होता. आज तो छत्तीसगडच्या पोलाद-उद्योगाचा भाग आहे. तेथे काय, किंवा नागपूरच्या हिंगण्यात आणि पुण्याच्या भोसरीत काय, छोट्या कार्यशाळेचे चित्र फारसे निराळे नसते. मालक स्वतः यंत्रावर उभा राहतो, आणि काम वाढले की माणसे ठेवतो. मदतनीस दोन असतील तोवर तो ग्राहक. सहा झाले म्हणजे कोण? यंत्रातील संगणकीय नियंत्रक तर तोच असतो आणि त्याचा दोषही तोच. मालकाची ओळख मात्र माणसांच्या हजेरीपटावरून बदलते.

पेंटियमनंतर चिप बनवणाऱ्यांनी आपले काम पुष्कळ सुधारले. भागाकाराचा तक्ता चाचण्यांच्या भरवशावर न सोडता गणिती सिद्धतेने तपासावा, हा विचार रूढ झाला. एएमडी कंपनीने आपल्या के-५ प्रोसेसरच्या भागाकारपद्धतीची सिद्धता संगणकीय तर्कप्रणालीकडून पडताळून घेतली. इंटेलनेही अशा पद्धतींसाठी तज्ज्ञ नेमले. ज्ञात दोषांच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. पेंटियम प्रोपासून चिपच्या अंतर्गत आज्ञा बाहेरून दुरुस्त करण्याची सोय आली, त्यामुळे कित्येक दोष वस्तू परत न घेताच निपटता येऊ लागले.

धोरणही बदलले, पण सरळ रेषेत नव्हे. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने आपल्या नव्या सहायक चिपमध्ये दोष असल्याचे आपण होऊन जाहीर केले : एका ट्रान्झिस्टरला प्रमाणाबाहेर व्होल्टेज मिळत असल्याने साठवणयंत्राच्या काही जोडण्या कालांतराने क्षीण होणार होत्या. वस्तू बाजारात येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. दुरुस्ती आणि बदली यांसाठी ७० कोटी डॉलरांचा अंदाज मांडला गेला आणि ‘तुम्हाला त्या जोडण्या लागतात का’ असे विचारण्यात आले नाही. १९९४ चा धडा तेथे स्पष्ट दिसतो.

२०२४ मध्ये तो तितका स्पष्ट दिसला नाही. तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही शक्तिशाली प्रोसेसर वापरणाऱ्यांची यंत्रे अकारण कोलमडत होती. तक्रारी कित्येक महिने येत राहिल्या. अखेर जुलैमध्ये इंटेलने मान्य केले, की प्रोसेसरच्याच अंतर्गत आज्ञा गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होत्या. ऑगस्टमध्ये सुधारित आज्ञा आल्या. परंतु ज्या चिपला एकदा इजा झाली, ती त्यांनी बरी होणार नव्हती. सरसकट माघारी बोलावणे झाले नाही. त्याऐवजी हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली गेली. सुटा प्रोसेसर घेतलेल्याने इंटेलकडे जावे, तयार संगणक घेतलेल्याने त्या संगणकाच्या निर्मात्याकडे जावे, अशी विभागणी झाली. म्हणजे दोष सिद्ध होईपर्यंत थांबायचे ग्राहकाने, आणि कोणाचे दार ठोठवायचे हे कळण्यासाठी पावती शोधायचीही त्यानेच.

भारतीय कायद्यात दरम्यान दोन गोष्टी घडल्या. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी थेट निर्मात्यावर, तसेच विक्रेत्यावर आणि सेवा देणाऱ्यावर टाकणारे स्वतंत्र प्रकरण त्यात आहे. लॅमिंग्टन रोडवरच्या चार बोटांना एक उत्तर त्यातून मिळू शकते. व्यापारी प्रयोजनाची अट मात्र तशीच राहिली आणि वस्तूंपुरते स्वयंरोजगाराचे स्पष्टीकरणही राहिले. प्रश्न आपल्या दारावरून हलला नाही.

दुसरी गोष्ट मे २०२४ मधली. एका चिटफंड कंपनीविरुद्धच्या तक्रारीत कंपनीचा बचाव असा होता, की समोरच्याने सेवा व्यापारी प्रयोजनासाठी घेतली, म्हणून तो ग्राहक नाही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की असा आक्षेप जो घेतो, त्यानेच तो पुराव्याने सिद्ध केला पाहिजे. केवळ तसे म्हटल्याने भागणार नाही. त्या निकालात यंत्राचा किंवा चिपचा कोठेही उल्लेख नाही. पण भनपुरीतील एखाद्या कार्यशाळेत उद्या संगणकनियंत्रित लेथ अडून बसली आणि विक्रेत्याने विचारले, ‘तुम्ही हे कशासाठी घेतले होते?’, तर त्याचे उत्तर पुराव्यासह शोधून आणण्याचे काम प्रथम विक्रेत्याकडे जाईल.